पाया खणण्याआधी: गावाकडच्या घराचे कर्ज आणि सोलापूर जिल्ह्यातील वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात गावाकडच्या घरासाठी मिळणाऱ्या कर्जाविषयी प्रश्न मागवले होते. सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांचा सूर बराचसा एकच आहे: कमाई आहे, हप्ता फेडायची तयारी आहे, तरी बँक नाही म्हणते. अडचण बहुतेक वेळा कमाईत नसते, घराखालच्या जागेच्या कागदात असते. म्हणून उत्तरांतही जागेच्या कागदांवर जास्त लिहिले आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

आमची वस्ती गावापासून दोन किलोमीटरवर रानात आहे. चार एकर ऊस. सातबारा वडील आणि दोन चुलत्यांच्या नावावर सामाईक. वस्तीवर पक्कं घर बांधायला बारा लाख हवेत. बँक म्हणते, शेतजमिनीवर गृहकर्ज देत नाही. जमिनीची किंमत कर्जाच्या कितीतरी पट आहे, मग असं का? (माळशिरस तालुका)

बँक जमिनीच्या किमतीकडे नंतर पाहते. कर्ज थकले तर ती जागा आपल्याला ताब्यात घेता येईल का, हे आधी पाहते. गृहकर्जाची वसुली बँका २००२ च्या सरफेसी कायद्याने करतात आणि त्या कायद्याच्या कलम ३१ मध्ये शेतजमिनीला वगळलेले आहे. म्हणजे सातबाऱ्यावर जोपर्यंत शेती आहे तोपर्यंत गृहकर्जाचे तारण म्हणून बँकेच्या लेखी तिचा उपयोग नाही. शाखाधिकारी बदलला म्हणून हे उत्तर बदलत नाही.

त्यात तुमचा सातबारा सामाईक आहे. वडिलांनी एकट्याने सही केली तरी चुलत्यांचा हिस्सा गहाण पडत नाही, आणि वडिलांचा हिस्सा नेमका कुठला हे कागदावर कुठेच नाही. त्यामुळे कामाचा क्रम महत्त्वाचा. सर्वांत आधी वाटणी: सगळे राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून, नाहीतर नोंदणीकृत वाटणीपत्र करून. मग भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी, हद्दीचे दगड आणि स्वतंत्र पोटहिस्सा. त्यानंतर घर आणि अंगणापुरते चार-पाच गुंठे रहिवासी वापरात आणायचे.

गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीसाठी कलम ४२ड ची सोपी वाट आहे. ठरलेली रक्कम भरली की रहिवासी वापर करता येतो. तुमची वस्ती दोन किलोमीटरवर असल्याने ती वाट तुम्हाला नाही. अकृषिक वापराच्या नियमांत अलीकडे वारंवार बदल झाले आहेत, म्हणून तुमच्या गटाला कोणता नियम लागू होतो ते तहसील कार्यालयातून लेखी घ्या. बँकेच्या वकिलाला शेवटी तोच कागद लागतो.

इथे एक चूक फार घरांत होते. वडील घाईने पाच गुंठे शेतजमीन मुलाच्या नावावर करायला जातात आणि व्यवहार तुकडेबंदीत अडकतो. प्रमाणभूत क्षेत्र बागायतीसाठी १० गुंठे आणि जिरायतीसाठी २० गुंठे आहे. त्याहून लहान शेतीचा तुकडा करता येत नाही. आधी वापर बदलून घ्या, मग बक्षीसपत्र करा. मुलाला किंवा पत्नीला राहते घर किंवा शेतजमीन बक्षीस देताना मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, पण मोकळा रहिवासी भूखंड त्यात बसतो का आणि स्थानिक अधिभार किती लागेल हे दुय्यम निबंधकाकडे आधी विचारा.

रस्ता हा दुसरा मोठा अडथळा. वस्तीपर्यंत जाणारी वाट शेजाऱ्याच्या बांधावरून असेल आणि ती कोणत्याही नकाशात नसेल तर मूल्यांकन करणारा अभियंता तसेच लिहून देतो आणि प्रकरण तिथेच थांबते. कलम १४३ खाली तहसीलदारांकडून बांधावरच्या रस्त्याचा आदेश घेता येतो. आदेशाला वेळ लागतो, तेव्हा मोजणीचा अर्ज देताना हाही अर्ज द्यावा.

हे सगळे करायचे नसेल तर काही बँकांकडे किसान क्रेडिट कार्ड असलेल्या शेतकऱ्यांसाठी शेतघराच्या वेगळ्या योजना आहेत. त्यात शेतजमीनच गहाण घेतात आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा चढतो. मुदत आणि व्याज गृहकर्जापेक्षा वेगळे असते. वाटणी मात्र तिथेही चुकत नाही.

गावठाणात आजोबांपासूनचं घर आहे. ग्रामपंचायतीचा आठचा उतारा आणि घरपट्टीच्या पावत्या आहेत. बँकेने "मालकीचा पुरावा आणा" सांगितलं. हा उताराच मालकीचा नाही का? (मोहोळ तालुका)

नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही आहे. घरपट्टी कोणाकडून वसूल करायची एवढेच ती सांगते. तलाठ्याकडचा गाव नमुना ८अ हा आणखी वेगळा कागद, त्यात खातेदाराची एकूण शेतजमीन असते. बँकेने "आठ अ" मागितला आणि अर्जदाराने ग्रामपंचायतीचा आठ नेऊन दिला, अशाने हेलपाटे वाढतात. कोणत्या कार्यालयाचा उतारा हवा ते तिथेच विचारून घ्या.

गावठाणातील मालकीसाठी आता सर्वांत भक्कम कागद म्हणजे मिळकत पत्रिका. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी करून प्रत्येक घराची पत्रिका तयार केली जाते. तुमच्या गावाची मोजणी आणि चौकशी पूर्ण झाली आहे का, हे तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात समजेल. पत्रिका हाती आली की तीन गोष्टी तपासा: धारकाचे नाव आधार कार्डाप्रमाणे आहे का, क्षेत्र जागेवरच्या मापाशी जुळते का, आणि आजोबांचेच नाव असेल तर सगळ्या वारसांची नोंद झाली आहे का. आत्या आणि बहिणी वारस असतात. त्यांची नावे गाळून पुढे गेलेले प्रकरण वकिलाच्या शोध अहवालात अडकते. त्यांना हक्क सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे. शंभराच्या स्टँपवरचे संमतीपत्र चालत नाही.

पत्रिका अजून तयार नसेल तर काही बँका आणि गृहवित्त कंपन्या नमुना ८, जुन्या घरपट्टीच्या पावत्या, वीजबिल आणि ग्रामपंचायतीचा दाखला यांवर कर्ज देतात, पण रक्कम कमी आणि व्याज जास्त. घाई नसेल तर पत्रिकेसाठी थांबलेले परवडते. आकडे पाहा: १० लाख रुपये १५ वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतले तर हप्ता १०,१४३ रुपये येतो, १३ टक्क्यांनी घेतले तर १२,६५२. पंधरा वर्षांत साडेचार लाखांचा फरक पडतो.

डाळिंबाची बाग आणि सहा गाई आहेत. पगारपत्रक नाही, आयकराचं विवरण कधी भरलेलं नाही. आमची पात्रता बँक कशी काढते? (सांगोला तालुका)

शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे म्हणून विवरण भरलेच नाही, असे बरेच शेतकरी सांगतात. कर नसला तरी विवरण भरता येते आणि त्यात शेतीचे उत्पन्न दाखवता येते. कर्जाचा विचार दोन वर्षांनी असेल तर यंदापासून भरायला लागा. बँका सहसा दोन ते तीन वर्षांची विवरणे मागतात आणि मागची सगळी वर्षे एकदम भरलेली त्यांना आवडत नाहीत.

तोवर पुरावा म्हणजे अडत्याच्या पट्ट्या, दूध संकलन केंद्राची दहा दिवसांची बिले आणि ज्या खात्यात हे पैसे आले त्या खात्याचा उतारा. रोखीने घेतलेली पट्टी बँकेच्या हिशेबात धरली जात नाही. बागेचे उत्पन्न एका वर्षी चांगले आणि तेल्या रोग आला की शून्य, हे सांगोल्याकडच्या शाखांना ठाऊक असते. म्हणून त्या चांगल्या वर्षाचा आकडा न धरता सरासरी धरतात आणि खर्च वजा करतात. सातबाऱ्यावर पीक पाहणीत डाळिंबाची नोंद असलीच पाहिजे. ती पडीक किंवा ज्वारी दाखवत असेल तर पट्ट्यांना आधार राहत नाही. ई-पीक पाहणी दर हंगामात स्वतः करा.

हिशेब असा चालतो. खर्च जाऊन बागेचे वर्षाला ३ लाख ६० हजार आणि दुधाचे १ लाख २० हजार राहतात असे धरू. महिन्याला ४० हजार झाले. त्यातले साधारण निम्मे, म्हणजे २० हजार, सगळ्या हप्त्यांसाठी धरतात. ट्रॅक्टरचा हप्ता महिन्याच्या हिशेबाने ८ हजार असेल तर घरासाठी १२ हजार उरले. ९ टक्के आणि १५ वर्षांना दर लाखाला १,०१४ रुपये हप्ता पडतो, म्हणजे पात्रता पावणेबारा-बारा लाखांच्या आसपास. मुदत २० वर्षे केली तर दर लाखाला ९०० रुपये, पण मग कर्ज संपताना तुमचे वय किती हे पाहतात. तुम्ही पन्नाशीत असाल तर कमावत्या मुलाला सहकर्जदार करा.

जागेच्या बाजूनेही मर्यादा आहे. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेने घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत मुभा दिली आहे. ती कमाल मर्यादा झाली. गावातल्या घराला शाखा त्याहून कमी देते आणि तुमचा वाटा आधी घालायला लावते. हप्ता दरमहा न ठेवता सहामाही ठेवता येईल का, हे अर्जाच्या वेळीच विचारा. बागायतदाराला ते सोयीचे पडते आणि काही बँका देतात.

कर्जमाफी होईल म्हणून सोसायटीचं पीककर्ज दोन वर्षं भरलं नाही. आता मुलाच्या घरासाठी कर्ज काढायचंय. अडचण येईल का? (बार्शी तालुका)

येईल. माफीच्या आशेने थांबलेल्या पीककर्जाची फार मोठी किंमत नंतर मोजावी लागते. थकबाकी दोन हंगामांपुढे गेली की खाते अनुत्पादित (एनपीए), म्हणजे वसुली थकलेले ठरते आणि ती नोंद पतअहवालात चढते. शिवाय वर्गवारी कर्जदाराची होते, एका खात्याची नव्हे. त्याच बँकेत तुमची आणखी कर्जे असतील तर तीही त्याच रांगेत बसतात.

थकबाकी पूर्ण भरून घ्या. एकरकमी तडजोड केली की पैसे वाचतात, पण अहवालात "सेटल्ड" असा शेरा येतो आणि गृहकर्ज देणारी बँक त्याकडे बोट दाखवते. पैसे भरल्यावर सोसायटीचा बेबाकी दाखला घ्या आणि तो तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे देऊन सातबाऱ्यावरचा बोजा कमी करून घ्या. कर्ज फिटून वर्षे झाली तरी इतर हक्कात सोसायटीचे नाव तसेच असलेले सातबारे गावोगाव सापडतील.

पतअहवाल देणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षाला एक अहवाल फुकट मिळतो. आधी तो काढा. तुम्ही दुसऱ्याला जामीन राहिलेले कर्जही त्यात दिसेल. चुकीची नोंद असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. मुलाच्या एकट्याच्या नावावर जागा आणि उत्पन्न असेल तर तुमची थकबाकी त्याच्या आड येत नाही. सहकर्जदार म्हणून तुमची सही लागली की येते.

घरकुलाच्या यादीतून नाव वगळलं. फटफटी आहे म्हणून का? आणि घरकुल मिळालं तर वर बँकेचं कर्ज घेता येतं का? (मंगळवेढा तालुका)

फटफटीमुळे नसावे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण निकषांतून दुचाकी, फ्रिज आणि घरचा फोन हे मुद्दे २०२४ मध्ये काढले. आता वगळण्याची कारणे अशी: तीन किंवा चार चाकी वाहन, ट्रॅक्टरसारखे शेतीचे यांत्रिक वाहन, ५० हजार किंवा जास्त मर्यादेचे किसान क्रेडिट कार्ड, घरात सरकारी नोकरी, नोंदणीकृत बिगरशेती उद्योग, कोणा सदस्याची महिन्याला १५ हजारांहून जास्त कमाई, आयकर किंवा व्यवसायकर, अडीच एकर किंवा जास्त बागायत, पाच एकर किंवा जास्त जिरायत. आपल्या जिल्ह्यात सर्वाधिक घोटाळा किसान कार्डाचा होतो. कर्ज वीसच हजार उचललेले असते, पण मर्यादा ऐंशी हजारांची मंजूर असते, आणि निकष मर्यादेचा आहे. मंगळवेढ्याकडे पाच एकर कोरडवाहू काळे रान असलेला आणि प्रत्यक्षात हलाखीत राहणारा शेतकरीही या निकषाने बाहेर पडतो. हे अन्यायाचे आहे आणि ग्रामसभेत तसे नोंदवले पाहिजे. सामाईक सातबाऱ्यावरची सगळी जमीन एकट्याच्या नावावर धरली गेली असेल तर मात्र ती चूक आहे. हिस्स्याचा कागद जोडून पंचायत समितीकडे हरकत घ्या.

अनुदान १ लाख २० हजार आहे, घर किमान २५ चौरस मीटरचे लागते. शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार. राज्याने २०२५ मध्ये ५० हजारांची भर घातली, त्यातले १५ हजार छतावरच्या सौरऊर्जेसाठी आहेत. घरकुलासाठी ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत मिळते, तिचा अर्ज तहसीलमध्ये करा. पैसे टप्प्याटप्प्याने येतात आणि प्रत्येक टप्प्याला जागेवरचा फोटो अपलोड व्हावा लागतो. जोते झाले तरी फोटो झाला नाही म्हणून हप्ता थांबल्याचे पुष्कळदा दिसते, तेव्हा अभियंत्याच्या मागे लागावे.

कर्जाची मनाई नाही. योजनेतच ७० हजारांपर्यंत बँककर्जाची सोय धरलेली आहे. त्याहून मोठे गृहकर्ज हवे असेल तर पुन्हा जागेचा कागद लागतो. अनुसूचित जातींसाठी रमाई, अनुसूचित जमातींसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत अशा राज्याच्या वेगळ्या योजना आहेत. नाव वगळले असेल तर त्यांतही पाहा.

आमचं रान खोल काळं. शेजारच्याच्या नव्या घराला दोन वर्षांत भिंतीला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. बँकेने मंजूर केलेल्या अंदाजपत्रकात पाया चार फुटांचा आहे. पुरेल का? (मंगळवेढा तालुका)

चार फुटांवर मुरूम लागला तरच. ज्या मातीत मालदांडी ज्वारी नुसत्या ओलीवर येते, तीच माती घराला त्रास देते. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि घराच्या कडेची माती मधल्या मातीपेक्षा जास्त हलते. म्हणून भेगा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या जातात. सिमेंट जास्त घालून किंवा भिंत जाड करून हे थांबत नाही.

अंदाजपत्रक करण्याआधी घराच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांत खड्डे घेऊन पाहा. मुरूम पाच-सहा फुटांत लागत असेल तर पाया त्यावरच टेका. त्याहून खोल असेल तर साध्या चरीऐवजी अंडर-रीम्ड पाइल घ्या: साधारण साडेतीन मीटर खोल, तळाशी फुगवटा, आणि त्या फुगवट्याचा व्यास दांड्याच्या अडीच पट. पाइलवर आरसीसी जोतेबीम येतो. बीम आणि खालची माती यांच्यात ८० मिलिमीटर पोकळी सोडायची, म्हणजे माती फुगली तरी बीमला खालून रेटत नाही. हे काम गवंड्याला नवीन असेल तर तो पोकळी भरून टाकतो. उभे राहून पाहावे.

चर भरताना निघालेली काळी माती परत टाकू नका, मुरूम टाकून पाणी मारत चोपून घ्या. घराभोवती चार-पाच फुटांची फरशी बाहेरच्या बाजूला उतार देऊन करा. न्हाणीचे पाणी भिंतीकडेला मुरू देऊ नका. एकाच कोपऱ्यात बाराही महिने ओल राहिली तर तोच कोपरा उचलला जातो. दोन खड्ड्यांच्या शौचालयाचेही तसेच: काळ्या मातीत पाणी जिरत नाही, म्हणून खड्ड्याभोवती मुरूम किंवा वाळूचा फूटभर थर द्या आणि खड्डे पायापासून लांब घ्या.

कर्जाशी याचा थेट संबंध आहे. बँक पैसे जोते, लिंटल, स्लॅब, गिलावा अशा टप्प्यांनी सोडते आणि पहिल्या टप्प्याआधी तुमचा वाटा संपवायला लावते. अंदाजपत्रकात पाया स्वस्त दाखवला आणि प्रत्यक्षात दीडपट लागला तर जोत्यालाच पैसे संपतात आणि काम थांबते. दिलेल्या रकमेवर व्याज मात्र सुरू असते. मंजुरीनंतर रक्कम वाढवून घेणे अवघड, म्हणून खरे अंदाजपत्रक आधीच द्या.

बोअरचे पाणी खारे असेल तर काँक्रीटला वापरण्याआधी तपासून घ्या. आरसीसीसाठी क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत हवे, नाहीतर गज गंजतात. स्लॅब चैत्र-वैशाखात टाकणार असाल तर पहाटे सुरू करा आणि वाफे करून पाणी धरा. सध्या बाजारात बहुतेक पीपीसी (राख मिसळलेले) सिमेंट असते, त्याला आपल्या उन्हाळ्यात १४ दिवस पाणी लागते. टँकरचा खर्च अंदाजपत्रकात धरा.

जुनं माळवदाचं घर दुरुस्त करायला कर्ज मिळतं का? पाडून स्लॅब टाकायचा सल्ला सगळे देतात. (अक्कलकोट तालुका)

दुरुस्तीसाठी गृहकर्ज असते, पण मातीच्या भिंती आणि लाकडी तुळयांच्या घराचे उरलेले आयुष्य मूल्यांकनात कमी लागते. कर्जाची मुदत त्या आयुष्याच्या आत बसावी लागते, म्हणून रक्कम लहान मिळते. पाडणे हाच एक मार्ग नाही. माळवदावरचा पांढऱ्या मातीचा जाड थर मे महिन्यात जो गारवा देतो तो उघड्या स्लॅबखाली मिळत नाही. तुळया वाळवीने पोखरल्या नसतील तर मालकीच्या कागदावर छोटे दुरुस्ती कर्ज घेऊन तुळया बदलणे, माती नव्याने घालणे आणि पन्हाळी सुधारणे पुरते. स्लॅबच टाकायचा असेल तर उंची साडेदहा-अकरा फूट ठेवा, वर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचा थर द्या आणि पश्चिमेला मोठ्या खिडक्या घेऊ नका.

सप्टेंबर २०२५ च्या पुरात सीनेचं पाणी घरात कमरेएवढं आलं. त्याच जागी नवीन घराला कर्ज मिळेल? (माढा तालुका)

जागा निळ्या पूररेषेच्या आत असेल तर बांधकामाला परवानगीच मिळणार नाही आणि मग कर्जही नाही. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरतात. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटींवर बांधता येते. तुमच्या गावापुरती पूररेषा आखली आहे का, हे जलसंपदा विभागाच्या कार्यालयात विचारा. आखलेली नसेल तर गेल्या पुराची खूण भिंतीवर रंगाने कायम करा आणि जोते त्याच्या वर न्या. ते शक्य नसेल तर गावठाणाच्या उंच भागात जागा पाहा. आमचे मत स्पष्ट आहे: कंबरभर पाणी आलेल्या जागी वीस वर्षांचा हप्ता बांधून घेऊ नये.

घर बांधले तर विमा घ्या. १ एप्रिल २०२१ पासून सर्व साधारण विमा कंपन्यांकडे "भारत गृह रक्षा" ही एकसारखी पॉलिसी आहे आणि तीत पूर येतो. बँक स्वतः विमा उतरवते तेव्हा तो किती रकमेचा आहे ते पाहा. कर्जाच्या शिलकीएवढाच असेल तर तुमच्या खिशातून गेलेला पैसा उघडा राहतो. घर पुन्हा बांधायला लागेल तेवढ्या रकमेचा विमा हवा.

उजनीत जमीन गेल्यावर आजोबांना पुनर्वसित गावठाणात प्लॉट मिळाला. त्यावर कर्ज? (करमाळा तालुका)

उताऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असेल तर विक्री आणि गहाणाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. वर्ग १, म्हणजे अशा परवानगीचे बंधन नसलेला, करून घेता येत असेल तर आधी ते करा. वाटपाचा मूळ आदेश आणि कब्जेपावती शोधा; नसल्यास जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पुनर्वसन शाखेतून नक्कल मिळते.

मी विडी कामगार, मालक (नवरा) यंत्रमागावर. महिना दोघांचे मिळून बावीस हजार. बचत गटाचे दोन हप्ते चालू. सोलापूरला लागून असलेल्या गावात दोन खोल्यांचं घर घ्यायचंय. (दक्षिण सोलापूर तालुका)

आधी एक पाहा: ते गाव शहरी योजनेच्या क्षेत्रात येते का. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये ९ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना २५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जातील पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याज अनुदान आहे. घराची किंमत ३५ लाखांच्या आत हवी. एकूण १ लाख ८० हजारांपर्यंत, पाच वार्षिक हप्त्यांत. फक्त ग्रामीण ग्रामपंचायत असेल तर हे लागू नाही. कुंभारी हे गाव असूनही तिथला रे नगरचा ३० हजार घरांचा कामगार प्रकल्प शहरी योजनेतूनच उभा राहिला, तेव्हा "गाव आहे म्हणून नाही" असे कोणी सांगितले तर महापालिकेच्या आवास कक्षात खात्री करून घ्या.

पुराव्यासाठी विडी कामगाराचे ओळखपत्र, भविष्य निर्वाह निधीचे पासबुक आणि कारखान्याची मजुरी ज्या खात्यात येते त्याचा उतारा चालतो. यंत्रमागाची मजुरी रोखीने मिळत असेल तर ती दर आठवड्याला खात्यात भरायला लागा. गटाचे आणि सूक्ष्म वित्त कंपनीचे हप्ते पतअहवालात दिसतात. त्यातला एक संपवल्याशिवाय अर्ज करू नका, कारण बावीस हजारांच्या निम्म्यात सगळे बसवायचे आहे. खरेदी तुमच्या एकटीच्या नावावर केली तर राहत्या घराच्या मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. मोकळ्या प्लॉटला ती नाही. नोटरीच्या कागदावर एक-दोन गुंठे विकणाऱ्यांपासून दूर राहा. त्या कागदावर कोणतीही बँक कर्ज देत नाही.

सही करण्याआधी मुख्य तथ्य विवरणपत्र मराठीत मागा. ते देणे बँकेवर आणि गृहवित्त कंपनीवर बंधनकारक आहे. व्याज, प्रक्रिया शुल्क, विमा, वकील आणि मूल्यांकनाचा खर्च धरून वर्षाचा खरा दर त्यात लिहिलेला असतो. दोन ठिकाणची विवरणपत्रे शेजारी ठेवून तोच आकडा ताडून पाहा.

कर्ज फिटून तीन महिने झाले, मूळ खरेदीखत परत मिळालं नाही. (पंढरपूर तालुका)

१ डिसेंबर २०२३ पासूनचा नियम असा की कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करायचे आणि बोजा उठवायचा. उशीर बँकेमुळे झाला तर दर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. शाखेला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, ३० दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. तिला शुल्क नाही. कागद हरवले असतील तर नक्कल काढून देण्याचा खर्च बँकेचा आहे आणि त्यासाठी तिला आणखी ३० दिवस मिळतात. कर्ज घेताना दुय्यम निबंधकाकडे गहाणाची सूचना दाखल केली असेल, तर कर्ज फिटल्याची नोंद तिथेही करून घ्या. मिळकत पत्रिकेवरचा बोजा भूमी अभिलेख कार्यालयात वेगळा अर्ज देऊन काढावा लागतो.